पाठमोऱ्या माणसासाठी घंटी

६ जून २०१७

सायकलच्या घंट्या! मासिकाच्या संपादकाचा, मेगनचा मेल आलाय. मार्चमध्ये टोस्टर झाले, एप्रिलमध्ये गवत कापायची यंत्रं, आता घंट्या. 'टिकाऊ हवी, नीट बनवलेली हवी, एकदा घेतली की माणसाला परत दुकानात जावं लागू नये.' दोन आठवडे, हजार शब्द. आधी नागपूरच्या दैनिकात, मग इथे हॅमिल्टनच्या पेपरात, डेस्कवर बसून दुसऱ्यांची वाक्यं कापण्यात जन्म गेला. आता ग्राहकांच्या मासिकासाठी वस्तूंची परीक्षा घेते. कमीपणा वाटतो का? थोडा. पण डेडलाइन असली की सकाळी उठायला बरं पडतं.

बेसमेंटमध्ये जाऊन गुरुदत्तला सांगितलं. तो टेबलावर जिगसॉचं कोडं मांडून बसलेला. "अहो, या वेळी सायकलच्या घंट्या आल्यात." पाठ जागची हलली नाही. "अहो!" — निळ्या आभाळाचा एक तुकडा उचलला, फिरवून बघितला, परत ठेवला. मी वर आले.

तोंडाने अहो, कागदावर गुरुदत्त. इतक्या वर्षांच्या संसारात केलेली एवढीच चैन.

९ जून

मासिकाने सात घंट्या पाठवल्या. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एकेक उघडली. बाहेरून मालाचं काही कळत नाही, हे टोस्टरनी शिकवलंय. दोघींच्या वाट्या नुसत्या पत्र्याच्या, वर चकचकीत मुलामा — एका हिवाळ्यात, बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ तो उतरवून ठेवेल. एकीची बैठक प्लॅस्टिकची. पट्टा जरा आवळला आणि कट्! दोन ॲल्युमिनियमच्या, दिसायला देखण्या, आवाज सुईसारखा. एक आपल्याकडच्यासारखी, आत दाते, अंगठ्याने दांडी ओढली की ट्रिंगट्रिंग. छान वाजते, पण दात्यांत वाळू गेली की संपली.

सातवी पितळेची. जाड वाटी, स्टीलचा स्क्रू, एक स्प्रिंग आणि एक टोला. बिघडायला आत काही ठेवलेलंच नाही. वाजवली. आवाज खालचा, लांबत जाणारा. मी पुन्हा वाजवली. मग उगीचच आणखी एकदा.

इथे कायद्याने सायकलला घंटी लागतेच. म्हणून लोक सगळ्यात स्वस्त ती लावतात आणि वाजवत नाहीत.

१२ जून

प्लॅस्टिकवाली पट्ट्यापाशी गेली, तिला दोऱ्याने बांधून ठेवलं. बाकीच्यांची मिठाच्या पाण्यात आंघोळ झाली. मग रात्रभर फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. सकाळी हातमोजे घालून वाजवायच्या — जानेवारीतल्या माणसाची बोटं लक्षात घेऊन. देखण्यांपैकी एकीची कळ मोज्याला सापडेचना.

गुरुदत्त आइस्क्रीम काढायला आला होता. फ्रीझर उघडला, घंट्या बघितल्या, आइस्क्रीम घेतलं, दार लावलं. फ्रीझरमध्ये घंट्या का, असं कुठल्याही माणसाने विचारलं असतं!

१३ जून

त्याच्या तोंडून दिवसभरात निघालेलं एकमेव वाक्य — "आमटीत मीठ कमी आहे."

१५ जून

लेकाचा, पुष्करचा, वॉन गावाहून फोन. नेहमीचंच. "आई, ही कान्ट हिअर यू, दॅट्स ऑल. जस्ट गेट हिम टेस्टेड."

"तूच सांग तुझ्या बाबांना. माझं ऐकतात का ते?"

"दॅट्स लिटरली द प्रॉब्लेम, आई." आणि हसला. लेकाला विनोद सुचतात!

टेस्टचं मी दोनदा काढून बघितलं. दोन्ही वेळा एकच उत्तर — "माझे कान ठणठणीत आहेत." स्टील मिलमध्ये तीस वर्षं काढलेला इंजिनिअर. कान गेलेला प्रत्येक पुरुष हेच म्हणतो.

आज लिहूनच टाकते. जानेवारीत अरुणा गेली, माझी धाकटी बहीण. सकाळी नागपूरहून फोन आला. मी बेसमेंटच्या जिन्यावर उभी राहिले. खाली तो, तसाच टेबलाशी, पाठ माझ्याकडे. म्हटलं, "अहो, अरुणा गेली." त्याने एक तुकडा बसवला. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. असली गोष्ट दोनदा म्हणायची असते का? वर आले, सिंकपाशी नळ सोडून रडले. संध्याकाळी पुष्करने फोनवर त्याला सांगितलं तेव्हा वर आला. म्हणाला, "मला सांगितलं नाहीस?"

सांगितलं होतं.

आमटी, फ्रीझर, निळे तुकडे — बाकी सगळं सोडून देईन. एवढं एक मला कळायला हवं. त्या दिवशी त्याला ऐकू आलं नाही, की आलं?

१७ जून

चित्राकडे चहाला. कान-नाक-घशाची डॉक्टर, आता निवृत्त. मंडळाच्या गणपतीत आरतीच्या वेळी अजूनही लोक तिला कान दाखवतात. दोऱ्याने बांधलेली घरी ठेवून बाकीच्या सहा घंट्या टेबलावर मांडल्या. तिने वाजवून बघितल्या. "कुणासाठी गं एवढ्या? रथ काढतेस की काय?"

लेखासाठी म्हटलं. चालायच्या ट्रेलवर म्हातारी माणसं तक्रार करतात, सायकलवाले मागून येतात, कळतच नाही. सायकलवाले म्हणतात, आम्ही वाजवली.

"दोघंही खरं बोलतात. वयाबरोबर उंच सूर आधी जातात. या बारीक घंट्या, पोरांचे आवाज, बायकांचे आवाज. भांडं पडलं तर ऐकू येतं, बायको ऐकू येत नाही. माझे निम्मे पेशंट त्यांच्या बायकांनी ओढत आणलेले! प्रत्येकीला वाटायचं, हा मुद्दाम करतो. त्यात त्या बिचाऱ्यांचा दोष नसतो गं, जयू."

मी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिलेला बघून ती म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. लेखाला अँगल मिळाला."

१९ जून

उद्या लेख द्यायचा, आज शेवटची चाचणी. गुरुदत्त रोज दुपारी रेल-ट्रेलवर चालायला जातो — जुनी रेल्वेलाइन उखडून केलेला रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं. आज मी बरोबर सायकल काढली. म्हटलं — समोर उभी राहून, मोठ्याने, ओठ दिसतील असं — "तुम्ही पुढे चाला. मी मागून एकेक घंटी वाजवणार. ऐकू आली की वळा. सात आहेत."

"मासिकाचं काम?"

"मासिकाचं काम."

चालायला लागला. हात मागे बांधून, मान थोडी खाली. मी थांबून घंटी बदलायची, थोडं अंतर गाठायचं, वाजवायची. पहिली. नाही. दुसरी. नाही. सुईसारख्या दोन्ही गेल्या. दोऱ्याने बांधलेली गेली. ट्रिंगट्रिंगवाली दोनदा वाजवली — समोरून येणारी कुत्रेवाली बाई दचकून गवतात गेली. गुरुदत्त तसाच चालतोय! पाठ म्हणजे नुसती भिंत.

मग पितळेची. मला भीतीच वाटत होती. अंगठा ठेवून थांबले जरा. वाजवली.

तो वळला. चक्क वळून उभा राहिला. "झालं का?" म्हणाला.

मी सायकलवरून उतरले. डोळ्यांत पाणी आलं, ते चष्म्याच्या मागे राहिलं. "झालं," म्हटलं. परत फिरून सगळा क्रम उलटा लावून बघायला हवा होता — टोस्टर मी असेच तपासले होते. पण ऊन होतं, त्याचं वय, आणि उद्याची डेडलाइन. आणि खरं सांगायचं तर मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

२० जून

लेख गेला. वेळेआधी.

पितळेचीला पहिली पसंती: मीठ पचवते, थंडी पचवते, मोज्यात वाजते, उघडून दुरुस्त होते. आणि म्हाताऱ्या कानांना ऐकू येते. तो परिच्छेद मी दोनदा लिहिला. 'बारीक आवाजाची घंटी वाजवून आपण समोरच्याला इशारा दिला असं आपल्याला वाटतं. त्याच्यापर्यंत काहीच पोचलेलं नसतं. त्याची पाठ म्हणजे उद्धटपणा नव्हे.'

कशाकशाचे हिशेब मांडून ठेवले होते मी! जेवताना विचारलेलं, गाडीत बोललेलं, जिन्यावरून सांगितलेलं. माझा आवाज मुळातच बारीक. मुलींच्या शाळेत होते, तरी नाटकात मला नेहमी मुलीचंच काम मिळायचं, राजाचं कधी नाही.

बिचारा.

२ जुलै

पितळेची घंटी मासिकाने परत मागितली नाही. बेसमेंटच्या जिन्याच्या लोखंडी दांडीला बसवली — पट्टा चपखल बसला. जेवण तयार झालं की एक टोला. तो वर येतो! हाका नाहीत, घसा कोरडा करणं नाही. चित्राला सांगितलं तर म्हणते, "वा! आमच्याकडे कुत्रा येतो घंटीवर, तुझ्याकडे नवरा."

हसले. आणि नंतर बराच वेळ ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी आमचं बोलणं म्हणजे पितळेचा एक टोला. पण तो मुद्दाम करत नाही, हे माहीत असलं की इतकं चालतं.

आता काही बोलायचं तर आवाज खाली घेते, समोर जाऊन बोलते. तो मान डोलावतो. बोलत नाही. पण मान डोलावतो.

२२ जुलै

आज खाली गेले, त्याच्या समोर खुर्ची ओढून बसले. आवाज खाली. म्हटलं, "अरुणा गेली त्या दिवशी मी तुम्हाला जिन्यावरून सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. मी तेव्हापासून मनात धरून होते. चूक माझी."

त्याने मान वर केली. बघत राहिला. मग म्हणाला, "असू दे." आणि जिगसॉकडे वळला. तुकडा हातात होता, बसवला मात्र नाही. मी वर येईपर्यंत तरी नाही.

चाळीस वर्षांत मी त्याची मागितलेली ही पहिली माफी असेल. हलकं वाटलं. थोडं विचित्रही — जणू मी काही दिलं आणि घेताना त्याने हात पुढे केला नाही.

१४ ऑगस्ट

अंक आला. मेगन खूश. म्हाताऱ्या कानांच्या परिच्छेदावर वाचकांचे मेल — 'हे वाचून मी वडिलांना फोन केला', 'नवऱ्यावर ओरडायचं थांबवलं' असले. ब्रॅम्पटनच्या एका बाईने लिहिलंय की तिने रडून घेतलं. मेगन म्हणते, इतकी वर्षं घंट्यांवर कोणी रडलेलं तिने बघितलं नव्हतं.

अंक जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवला होता. गुरुदत्तने वाचला. पान उलटलं. आमटी वाढून घेतली.

१० सप्टेंबर

दुपारी ट्रेलवर गेले, त्याला न सांगता. म्हटलं, गाठून बरोबर चालावं. बाजूच्या वाटेने वर चढले तर तो हाकेच्या अंतरावर, पाठमोरा. मी बोलावणार तेवढ्यात मागून एक चिमुरडी सायकलवर गेली. तिने घंटी वाजवली — चमचा बशीला लागावा, तेवढीच. गुरुदत्त मागे न बघता उजवीकडे सरकला, हात वर केला. "थँक यू," ती पुटपुटली. "यू आर वेलकम, स्वीटहार्ट," तो म्हणाला.

मी तिथूनच घरी आले. 'सात आहेत' हे मीच त्याला आधी सांगून ठेवलं होतं. मेगनला मेल केला, चूकदुरुस्ती छापायला हवी. मजकूर मीच दिला, डेस्कवर द्यायचे तसा, एका वाक्यात: 'ऑगस्टच्या अंकातील चाचणीत सहभागी झालेल्या ज्येष्ठ गृहस्थांना सातही घंट्या ऐकू येत होत्या.'