उस्तादांची ढाबळ

१२ जुलै, शनिवार

आज परत एक मेलं! पांढरी मादी. काल पिसं फुगवून कोपऱ्यात बसली होती, खाली हिरवं पाणी. हे गेल्यापासून मी एवढं जपते — रोज ढाबळ धुते, फिनेल टाकते, ह्यांच्या हयातीत कधी नव्हती एवढी लखलखीत ठेवते — तरी कबुतरं मरतातच.

मनतशा म्हणते, "बेच डालो अम्मी." नाही! ही पाखरं गच्चीवरून उडतात तोवर गल्लीतले लोक मान वर करून म्हणतात, दस्तगीर उस्तादांची कबुतरं. ती संपली की ह्यांचं नाव कोण घेणार? बापाची आठवण विकायला निघाली पोरगी.

१४ जुलै

पोरीनेच शेवटी लिंकवरून ह्यांच्या त्या कबूतरवाल्यांच्या ग्रुपवर मला घेतलं. मी कोण ते सांगितलं नाही. उस्तादांची बायको म्हणून दया नको. आणि वहिदा नाव वाचून ओळखणार कोण? बायकोचं नाव कुणाला माहीत असतं! विचारलं — पाखरं हिरवं हगतात, दाणा खात नाहीत, काय करू?

उत्तरं आली. "आधी शिका, मग पाळा." "औरतों का काम नई ये." एकाने विचारलं, किती वर्षं पाळता? खरं ते सांगितलं, नवीन आहे. त्यावर म्हणे, "मग फोटो काढून ठेवा, आठवणीला राहतील." खाली हसऱ्या तोंडांची रांग. वा रे शौकीन! औषध सांगायला त्यांची जीभ झिजते, टोमणे मारायला नाही.

१५ जुलै

अजून एक गेलं. ग्रुपवर सांगितलं नाही. कुणाला सांगू!

१७ जुलै

निर्लज्ज होऊन पुन्हा विचारलं. ग्रुपचा म्होरक्या म्हणतो, "रोज तेच तेच प्रश्न. वैताग आणला नवख्यांनी." अरे, तुझ्यासाठी रोजचा असेल, माझा तर पहिलाच आहे! तू काय आईच्या पोटातून शिकून आलास? हे असते तर एकेकाचा कान उपटला असता.

२० जुलै

लातूरच्या शिवलिंग नावाच्या एकाचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, माझ्या एकटीला. क्लासच्या मुलांची मेस चालवतो म्हणे.

"ताई, ढाबळ धुता काय?"

रोज धुते, म्हटलं.

"तितंच चुकायलंय. पाणी मारू नका. पावसाळ्यात ओल राहती, त्या ओलीतच रोग हाय. कोरडं खरवडा, राख पसरा. आजारी पाखरं येगळी काढा अन् जनावराच्या डॉक्टरला दाखवा."

झालं! एवढंच! हे पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचे, पाण्याची बादली कधी वर नेली नाही. मी त्याला आळस समजून भांडायचे. त्या पंडितांपैकी एकाने हे सांगितलं असतं तर पांढरीनंतर गेलेलं तरी वाचलं असतं.

ग्रुपवर का नाही लिहिलंत, विचारलं. "तिथं लिवलं की मलाच झोडपतेत."

२७ जुलै

राख पसरली, डॉक्टरचं औषध पाजलं. आज काळा नर खाली उतरला, दाणे टिपले. बरं वाटलं, पण राग जात नाही. ग्रुपवर आज कुणी नवखा विचारत होता, घारीपासून कबुतरं कशी वाचवू. सगळे तुटून पडले त्याच्यावर. मला उत्तर येत नव्हतं. येत असतं तर लगेच दिलं असतं.

३ ऑगस्ट, रविवार

शिवलिंगला कळवलं, सगळी खडखडीत आहेत, अल्ला तुमचं भलं करो. त्यातच ग्रुपवाल्यांना दोन शिव्याही लिहिल्या.

त्याचं उत्तर आलं — "मनावर घेऊ नका ताई. मी नवा होतो तवा मीबी हेच विचारलं होतं. समद्यात मोठ्या उस्तादानं काय सांगितलं ते ऐका. माझी समदी पाखरं मेली तवा." खाली रेकॉर्डिंग.

लावलं.

"पालने की अक्कल नई तो काट के खा जाव! मेरा दिमाग नको खाव!" आणि मागून एक बाई ओरडतेय, "खाना ठंडा होरा!" — ती बाई मीच.

मनतशा आतून धावत आली. "अब्बा? अम्मी, फिर से लगाव ना!"

लावलं.