टेबल कटरची पसंती

पिपरी मेघे, वर्धा

तीर्थरूप गोपालदादाले धाकट्या श्रावणचा दंडवत.

पुण्याच्या लिफ्टीत तुमचे गुडघे सुखात असतील. पियुष वेळेवर जेवू घालते ना? मी मजेत हाये, दाही बोटं जागेवर हायेत (सुताराची खुशाली याहून जास्त काय राह्यते?).

तुम्ही पोराकडं गेले अन् लाकूड कापायचा आपला जुना टेबल कटरही बसला. नवीन पाहायले वर्ध्यात गेलतो. दुकानदार रुपेशनं विचारलं, "काका, कारखान्यात माणसं किती?" तोंडातून निघून गेलं, "दोघं भाऊ." झालं! त्यानं एकट्याची लहान मशीन बाजूले सारली अन् मले बिडाच्या भल्या मोठ्या टेबलाजवळ उभं केलं. ट्रायल म्हणून प्लाय कापला. पलीकडून त्याच्या हमालानं धरला. काप असा सरळ निघाला की मले भरूनच आलं. मंग मी रोज एक शंका घेऊन जाऊ लागलो, कधी पात्याची, कधी पट्ट्याची (चहा तिथं बरा असते, अन् कोणी ना कोणी बोलते). शेवटी रुपेश म्हणे, "काका, मशीन घ्याची हाये का सोयरीक जुळवाची?" लाज वाटली. घेतली मोठीच.

हिंगणीच्या एका लग्नाच्या पलंगाचं काम लावलं. पलीकडं प्लाय धरायले माणसाच्या जागी खाटेवर गाद्या रचल्या (अक्कल माझीच). अर्धा काप झाला, गादी सरकली, प्लाय चिरला अन् मी ओरडलो, "दादा, धर!" (घाबरलो की तुम्हाले अरे-तुरेच निघते, माफी असावी.) शेजारच्या आनंदाबाई भिंतीवरून म्हणे, "काऊन बोंबलून राह्यले? दादा तं पुण्यात हायेत ना?" म्हटलं, "मशीनशी बोलून राह्यलो." मशीन बंद केली अन् तिथंच बसलो. भुसा झाडायचंही मन नाई झालं.

पियुषले अन् सूनबाईले आशीर्वाद.

तुमचा,
श्रावण

ता.क. एकट्यानं सगळं जमते. माझ्यासाठी येऊ नका. पलंगाची तारीख तेवढी जवळ आली, म्हणून चार दिवस येजा.

आणखी एक ता.क. रुपेशजवळ मशीनच्या मागं जोडायचं टेबल भेटते. ते लावलं की पलीकडं माणूस लागतच नाई म्हणते. लय आग्रह केला त्यानं. मी सांगितलं, आमच्या इकडं जागा नाई. जागा हाये, दादा. पण मी नाई घेतलं.