उसातली मादी

माय,

आज कामरेजकडच्या वनरक्षकाला फोन करून सांगितलं, की उसात फिरणारा बिबट्या नर नाही, मादी आहे. तो म्हणाला, "बेन, तो ऊस काल पेटवला. राखेत दोन बछडे सापडले." तोडणीआधी पाला जाळतात तिकडे. गावाने ठरवूनच टाकलं होतं, की एवढा मोठा पंजा म्हणजे नरच, आणि नर म्हटल्यावर पिल्लांचा प्रश्नच नाही.

तू होतीस तेव्हा असलं काही काम असतं हे आपल्या पांडेसऱ्याच्या चाळीत कुणाला माहीत नव्हतं. जनावराला हातही न लावता, बांधावर पडलेल्या विष्ठेवरून नर की मादी ते मी ओळखते. विष्ठेला आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात, त्यांतून डीएनए काढायचा. तो यंत्रात लावला की नराचे दोन पट्टे उमटतात, मादीचा एक. पण नमुना उन्हाने खराब झाला असला तर नराचाही कधी एकच दिसतो, म्हणून एकदा बघून भागत नाही. मी पुन्हा पुन्हा बघत राहिले, आणि तोवर ऊस पेटला.

तुला दिवस गेले होते तेव्हा एकदाच बघितलं. आबा मिलमधून सुट्टी काढून तुला कुठल्याशा दवाखान्यात घेऊन गेले, चोरून, मागच्या दाराने. परत येऊन तू मोरीपाशी तांदूळ धूत बसतेस. मी विचारते काय झालं, तर खाली बघूनच म्हणतेस, "आंडेर शे म्हने." लेक आहे म्हणतात. मी टाळ्या पिटते, मला बहीण होणार असते. तू धूतच राहतेस. पाणी कधीचं नितळ झालेलं असतं.

मग आबांनी तुला पुन्हा तिथेच नेलं. जाताना तू चालत गेलीस, येताना रिक्षात आडवी. रक्त थांबलंच नाही. आबांनी चाळीत सगळ्यांना ताप सांगितला, मलाही तोच. खरं काय ते मी मोठी झाल्यावर मावशीने सांगितलं. तोवर आबांना नीट ऐकूही येईनासं झालं होतं, आणि ओरडून विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

हे मी कुठे पाठवणार? प्रयोगशाळेत तर कुणाला तुझं काहीच ठाऊक नाही. पण तुला सांगते. नमुना कुठल्याही जनावराचा असो, यंत्रात लावताना दर वेळी माझ्या मनात येतं, नर निघू दे.