बटाट्याची उजवी बाजू

अण्णा,

माझ्या वर्गातला शेवटचा विद्यार्थी पास होऊन गेला. आज रविवार, तरी सवयीने नऊ वाजता कुलूप काढून बसलो आहे. समोर चार रिकामी बाकं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, एवढ्या काळात मला तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, हे खरं ते सांगतो. पण हल्ली मराठी बोलायला कोणी राहिलेलं नाही. कारखान्यात कन्नड, कागदावर इंग्रजी आणि घरी मी एकटा.

वर्ग म्हणजे आपल्या समाजाच्या हॉलची मागची खोली. होसकोटेकडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली, तेव्हा मालकांनी सांगितलं, ज्याला परदेशी ड्रॉइंग वाचता येईल तो राहील, बाकीच्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घ्यावी. स्वेच्छा कोणाची, ते विचारायचं नाही. त्यासाठीच्या परीक्षेला तीन महिने होते. तिथले चौदा कामगार माझ्याकडे आले. त्यांतला एक टर्नर, बावन्न वर्षांचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लेथवर हात असा, की व्हर्नियर लावायच्या आधीच माप सांगेल. पण कागद समोर आला की गप्प. मुलगी कॉलेजात, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देणार? "सर, एवढं एक पार पाडा," एवढंच तो पहिल्या दिवशी बोलला.

मी तयारी कशी केली असेल ते तुम्हाला सांगायला नको. एकसष्ट पानं स्वतःच्या हाताने काढली. ठळक रेघ ठळक, बारीक रेघ बारीक, बाणाचं टोक जिथे लागायचं तिथेच लागलेलं. डिप्लोमावाल्यांनीसुद्धा ती मागून नेली. झेरॉक्स वाटल्या आणि फळ्यापाशी उभा राहून तीन-तीन तास समजावलं. सगळे माना डोलवायचे. पाचव्या रविवारी पाहतो तर आठच जण. मी टर्नरला फळ्याजवळ बोलावलं, सोपं ड्रॉइंग दिलं, आणि त्याला ते येईना. सगळ्यांसमोर म्हणालो, "बावन्न वर्षांचे झालात, मागच्या रविवारी सांगितलेलं आठवत नाही?" तो खडू खाली ठेवून जागेवर जाऊन बसला. मागून एक जण म्हणाला, "सर, कोप करू नका. दर रविवारी तुम्ही एकटेच पास होताय, आमचं काय?" सगळे हसले. टर्नर हसला नाही. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही.

त्या दुसऱ्या रविवारी मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, टूलरूममध्ये नवा. परदेशी ड्रॉइंगवरून ब्रॅकेट केले, सहा नग, माप शतांश मिलिमीटरनेसुद्धा चुकलं नाही, आणि सहाच्या सहा आरशात दिसावेत तसे उलटे. तुम्ही फोरमन. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर सालटी निघणार. तुम्ही नग हातात घेऊन फिरवून पाहिलात आणि हळूच म्हणालात, "ड्रॉइंग बरोबर आहे. तुझं मापही बरोबर आहे. रविवारी घरी ये."

रविवारी तुम्ही मला पाटावर बसवता, कच्चा बटाटा आणि सुरी पुढे ठेवता. ड्रॉइंग पाच मिनिटं पाहायला देता आणि पालथं घालता. "आता काप." मी कापतो, चुकतो, ड्रॉइंगकडे हात नेतो. तुम्ही हातावर चापटी मारता. "आधी आठव. मग बघ." अक्का उप्पीट ढवळता ढवळता म्हणतात, "अहो, आठ बटाटे झाले. ह्या वाकड्या तुकड्यांचं पल्य केलं तर नंतर नाक मुरडू नका." तुम्ही त्यांच्याकडे न पाहता म्हणता, "पोरानं भोकं नीट पाडलीत की नाही तेवढं तू बघ." मी रडकुंडीला येऊन म्हणतो, अण्णा, एकदा सांगून टाका ना. तुम्ही म्हणता, "उत्तर माझ्याकडे आहे. ते माझ्याकडंच राहू दे. तुला ते घेऊन काय करायचंय?"

अकराव्या बटाट्याला उजेड पडला. बटाटा कागदावर ठेवून उजवीकडे कलंडवला की त्याची डावी बाजू वर येते, हे आपलं ड्रॉइंग. म्हणून आपण डावी बाजू उजवीकडे काढतो. बटाटा जागच्या जागी ठेवून मीच उजवीकडे सरकलो, तर मला त्याची उजवी बाजू दिसते, हे त्या परदेशी लोकांचं ड्रॉइंग. ते उजवी बाजू उजवीकडेच काढतात. मी त्यांचं ड्रॉइंग आपल्या रीतीने वाचलं होतं. मी ओरडून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सरी, बरोबर. आता अक्काला समजावून सांग. तिला कळलं तर तुला कळलं." आणि पुढच्या रविवारी तोच प्रश्न, मग महिन्याने पुन्हा तोच. मी चिडायचो. तुम्ही म्हणायचात, "विसरायला लागलास की मगच विचारायचं. ताजं असताना कुणालाही येतं."

एकदा मी विचारलं, त्या दिवशी टूलरूममध्ये मला बोलला का नाहीत? तुम्ही म्हणालात, "लहान पोराला चुकायची लाज नसते, मोठ्याला असते. ती आधी चपलांपाशी ठेवून आत यायला सांगावं लागतं. मीच तुला लाज आणली असती, तर ती ठेवायची कुठं?"

तर मी टर्नरच्या घरी गेलो. दारातच म्हणालो, माझं चुकलं. हे वाक्य मला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, "नाही सर, तुम्ही सांगता तेव्हा सगळं सरी वाटतं. घरी आलो की पाटी कोरी." मी म्हणालो, म्हणजे चूक सांगण्यातच आहे. माझी ती एकसष्ट पानं इतकी पुरी होती, की त्याला करायला काही शिल्लकच नव्हतं.

पुढचे रविवार मी गप्प बसायला शिकलो. त्याहून अवघड काम मी केलेलं नाही. टर्नर परत आला, बटाट्याऐवजी धुण्याच्या साबणाची वडी घेऊन. ड्रॉइंग पालथं, हातात सुरी. तो चुकीच्या बाजूला कापू लागला की माझी बोटं आपोआप पुढे जायची. मी मांडीखाली हात घेऊन बसायचो. चौथ्या रविवारी तो साबणाचा तुकडा कलंडवता कलंडवता थांबला, मग स्वतःच उठून टेबलाच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला, आणि नुसता "अय्यो" म्हणाला. मग त्याने बाकीच्यांना शिकवलं. मला ते अजिबात आवडलं नाही. माझ्यापेक्षा बरं शिकवत होता.

तो पास झाला. बरोबरचे पाच जणही झाले. परवा मी होसकोटेला गेलो, त्याचं अभिनंदन करायला. गेटसमोरच्या चहाच्या गाड्यापाशी तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. कोणीतरी विचारलं, सर कसे शिकवतात रे? तो म्हणाला, "सर कुठं शिकवतात? सुम्ने, नुसते बसून असतात, तोंडातून अक्षर नाही. मी माझं मीच शिकलो."

मी तसाच मागे फिरलो. बसमध्ये जागा होती, तरी उभा राहिलो. इतका राग मला बऱ्याच दिवसांत आला नव्हता. कृष्णराजपुरापर्यंत मनात त्याला काय काय सुनावलं. मग पुढे सुनावता येईना, कारण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

मला कारखान्याचं बक्षीस मिळालं, तेव्हा साहेबांनी स्टेजवर विचारलं होतं, डिप्लोमा नाही, काही नाही, हे सगळं कोणी शिकवलं? मी माइक जवळ ओढून म्हणालो, "कोणी नाही. मी माझं मीच शिकलो." टाळ्या पडल्या. तुम्ही रिटायर झाला होता. नंतर दारात भेटलात, पाठीवर हात ठेवून म्हणालात, "छान बोललास." मी गडबडून म्हणालो, "अण्णा, तुम्ही आला होता? मला दिसलाच नाहीत." तुम्ही म्हणालात, "मागं होतो रे, कसा दिसणार?"

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून लिहून ठेवतो. तुम्ही मागे नव्हता. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, इस्त्रीचा कोट घालून बसला होता. माइक हातात घ्यायच्या आधीच मी तुम्हाला पाहिलं होतं.