परत आलेलं भांडं

४ जून १९५५
आलो बाई एकदाचे! स्वतःचं घर, पुढे हिरवळ, आणि शेजार तर विचारूच नका. सामान उतरतंय तोच शेजारची मॅक्सीन भाजलेल्या नूडल्सचं काचेचं भांडं घेऊन हजर. भांड्याच्या बुडाला तिच्या नावाची पट्टी. इथली रीतच आहे म्हणे, नव्या माणसाला भरलं भांडं द्यायचं आणि त्यानं ते रिकामं परत करायचं नाही. नवरोबा वॉल्टर म्हणाला, लोर्ना, तुझी आता चैन आहे.

१८ जून
समोर एक काळं जोडपं राहायला आलं, तान्ह्या बाळासकट. आमच्या गोऱ्या आळीत पहिलंच. बाई हसरी, नाव ओडेसा. रीतीप्रमाणे बीन्सचं भांडं देऊन आले, बुडाला माझ्या नावाची पट्टी. परतले तर मॅक्सीन दारात. अगं, तुला काही अक्कल? त्यांना भांडं द्यायचं नसतं! मी चक्क माफी मागितली. कशाबद्दल, देव जाणे.

२५ जून
मॅक्सीन बजावून गेली. उद्या चर्चनंतर पडदे ओढून घे, पुरुषमंडळी समोरच्यांशी बोलायला जाणारेत. वॉल्टरही. म्हटलं, नुसतं बोलायलाच ना? ती हसली.

२६ जून
पडदे ओढले. धुराचा वास आला, मग दार वाजलं. ओडेसा. मला नावाने हाक मारत होती. आळीत तिला माझंच नाव ठाऊक. बाळ आत अडकलंय, फोन करा, म्हणत होती. मी कडीला हात लावला आणि मागे घेतला. मॅक्सीन काय म्हणेल, एवढंच मनात आलं. लाज वाटते लिहायला. ती परत आगीत धावली. तिघांपैकी कुणीच बाहेर आलं नाही.

२९ जून
पायरीवर माझं भांडं. लख्ख घासलेलं. आत मक्याचा पाव, गरम. समोर तर नुसती राख. मग कुणी—

३० जून
काल वॉल्टरने माझ्यादेखत फोडलं होतं. आज पुन्हा तेच. पट्टीवर माझंच अक्षर. झाकण उघडवत नाही. आतून बाळाचं रडणं—

१ जुलै
मॅक्सीनला सांगितलं, मी शेरीफला सगळं सांगणार. मी दार उघडलं नाही, तेसुद्धा. ती तडक पलीकडच्यांकडे गेली.

२ जुलै
भर दुपार. वॉल्टर सकाळपासून नाही. मॅक्सीनने पडदे ओढले. पलीकडच्यांनीही. एकामागून एक, सगळ्या आळीचे—

धुराचा वास.

दार वाजतंय. ओडेसाच असू दे, देवा, ओडेसाच. या वेळी मी उघड—