मुकी जोडी

नांदुरा,
ता. २२ नोव्हेंबर १९६४

प्रिय सईद,

सलाम, रामराम, तुला जे हवं ते घे. अक्षर बघून दचकू नकोस. उजवं मनगट जरा धरलंय, म्हणून मी सांगतो आणि बेबीताई लिहिते. दिवाळीला वरवट बकालहून माहेरी आली ती अजून इथंच आहे. चौथी पास असल्याचा तिला फार तोरा आहे, तेव्हा चुका काढायच्या नाहीत.

घरी सगळे आहेत. जिनिंग सुरू झालंय. स्टेशनच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि गाडीवाले एकमेकांना शिव्या देत बसतात. बाबा दिवसभर वजनकाट्यावर उभे असतात, घरी येतात ते भुवयांवर रुई घेऊन.

तुझे अब्बा, म्हणजे माझे गुलजारचाचा, रोज दुपारी येतात. गाद्या पिंजणं आता त्यांच्यानं होत नाही, दम लागतो. ओसरीवर टेकतात, ‘कैसा है बेटा, आज बरं वाटून राह्यलं ना?’ विचारतात. त्यांनी तुला काही कळवलं नाही, कारण मी त्यांना शपथ घातली होती. गुलजारचाचांवर रागावू नकोस.

तुझं पत्र ताईनं वाचून दाखवलं. जानेवारीतल्या बॅडमिंटनच्या निवड सामन्यांना तू आपल्या दोघांचीच नावं दिलीस. खेळ शिकवणाऱ्या मास्तरांनी तो उंच पोरगा जोडीला दिला, तर ‘सहदेव येईपर्यंत मी कोणाबरोबर उभा राहणार नाही’ म्हणालास. ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पण पुढे तू हेही लिहिलंस की मुंबईच्या गिरणीतल्या साहेबांनी सुनावलंय, खेळाडू म्हणून नोकरी दिली आहे, जानेवारीत कोर्टावर दिसला नाहीत तर गावाकडे परत जा. तू ते हसण्यावारी नेलंस. मला तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

म्हणून हे पत्र. पण सांगायला बसलो की दुसरंच आठवतं.

हंगाम संपून गाठी रवाना झाल्या की जिनिंगचं गोदाम आपलं असायचं. वारा नाही, ऊन नाही, छप्पर एवढं उंच की फूल कधी अडायचं नाही. फक्त भिंतीपलीकडची सरकीची तेलगिरणी बारा महिने धडधडायची, त्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. मी पुढे जाळीशी, तू मागे. मी डावा हात पाठीमागे धरायचो. पंजा उघडा म्हणजे मी घेतो, मूठ म्हणजे तुझं. पुढे पुढे मूठही लागेनाशी झाली, तुझे पाय कुठं आहेत ते मला पाठीला कळायचं. बुलढाण्याला, अकोल्याला, जिथं गेलो तिथं लोक म्हणायचे, आली मुकी जोडी. त्या मुकेपणावरच गिरणीनं आपल्याला मुंबईला नेलं.

मग मास्तर म्हणाले, हा गावठीपणा इथं चालायचा नाही, फूल घेताना आवाज द्या. त्यांनी चांगलंच सांगितलं असेल. मी आपली मूठ काही सोडली नाही, तू मात्र मनावर घेतलंस.

त्या उपांत्य सामन्यात फूल माझ्या डोक्यावरून मागे गेलं. मी मूठ दाखवली होती. तरी तू ओरडलास, ‘माझं!’ लहानपणापासून एकत्र खेळलो, पण खेळताना तुझा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, तुला काहीतरी झालं. मी मागे वळून पाहिलं. पुढच्यानं मागे वळायचं नसतं, हे आपल्या गोदामातल्या चिमण्यांनाही ठाऊक होतं. तुझं फूल सरळ डोळ्यात बसलं.

ताई थांबली आहे. म्हणते, ‘सहदेवा, हे नको सांगू रे त्याले. जीव जाईन त्याचा.’ लिही म्हटलं. त्याला कळू दे. सईद, मला तुझा राग येतो. काऊन ओरडला बे तू? सकाळी जाग आली की पहिल्यांदा हेच मनात येतं. आणि दुपारी चाचा माझ्याजवळ येऊन बसतात, तेव्हा तो राग कुठं ठेवावा ते समजत नाही.

मनगटाला काही झालेलं नाही.

तू मला मुंबईहून गाडीत बसवलंस तेव्हा मी म्हणालो होतो, पट्टी निघाली की येतो. तो डावा डोळा अकोल्याला काढला. तेवढ्यावर भागलं असतं तरी मी आलो असतो. एका डोळ्यानं घराच्या भिंतीवर फूल मारून पाहत होतो, आणि जमत होतं, खरंच जमत होतं. मग उजव्यात धुकं यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी मार बसलेल्या डोळ्याचं दुखणं चांगल्या डोळ्यात उतरतं. बाबांनी विचारलं, ‘म्हंजे याले दिसन का नाई साहेब?’ डॉक्टरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. दसऱ्याला मला दारातला उजेड तरी कळत होता. आता ताई कंदील तोंडासमोर धरते, तेव्हा गालाला ऊब लागते. बाकी काही नाही.

तेव्हा माझं नाव खोड. रडायचं असेल तर रडून घे आणि मग खोड. तू नोकरी सोडून माझ्याजवळ येऊन बसलास तर ते मला सोसायचं नाही. दोघांनी घरी बसून चाचांना काय खाऊ घालायचं? त्या उंच पोराबरोबर उभा राहा. त्याला मूठ कळणार नाही, आवाजच दे. पण आधी एवढं शिकव की पाठीमागून कितीही मोठा आवाज आला तरी वळायचं नाही.

माफी मागू नकोस. अजून ती माझ्याजवळ नाही. कधी होईल ते सांगता येत नाही, आणि झाली तर तुला कळेलच.

सामने झाले की मात्र ये. हरलास तरी ये. पण नेहमीसारखा येऊन दारात गुपचूप उभा राहू नकोस. तुझे पाय मला आता पाठीला कळत नाहीत, मी प्रयत्न करून पाहिला, चाचा आणि बाबा यांच्या पावलांतही माझी गल्लत होते. तू हाक मार. मी वळेन.

खालची सही माझी मी केली आहे. ताईनं बोट धरून जागा दाखवली, तरी ओळ सोडून गेली असेल.

तुझ्या पुढे उभा राहणारा,
सहदेव