बिनसाखरेचं कोकम

१२ एप्रिल २०२५

पेणहून बाटल्या परत आल्या. सगळ्या! दुकानदार फोनवर म्हणाला, "ताई, कडवट लागतं. गिऱ्हाईक एक घोट घेतं आणि तोंड वाकडं करतं."

दोष कोकमाचा नाही, स्टीव्हियाचा. साखरेऐवजी घालते ती गोड पानांची पूड. गोड लागते, पण मागाहून जिभेवर कडू रेंगाळते.

दाजी म्हणाले, "जमेल गो. दम धर." या घरात माझ्या सरबतावर विश्वास आहे तो एकट्या दाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा. माझा नवरा, आदेश, तर म्हणतो, लोकांत माझं हसं नको करूस, नोकरी बघ.

१५ एप्रिल

आज पातेल्यात साखर घातली. एवढ्या एका खेपेपुरती.

लेबलं तीच लावली – 'साखर नाही. मधुमेह असणाऱ्यांनाही चालेल.' चिकटवताना हात थरथरला. – खोटं कशाला लिहू? नाही थरथरला.

२० एप्रिल

दाजींनी धाटावला त्यांच्या जुन्या कंपनीच्या गेटवर सगळ्या बाटल्या खपवल्या! त्या कंपनीत त्यांचा जन्म गेला, सगळे ओळखतात. शिफ्ट सुटली की आधी स्वतः एक बाटली पितात आणि म्हणतात, "बघा, मला शुगर हाय. मी पितो, तुम्ही बिनधास्त प्या."

रोह्याला घरी आले ते खुशीतच. "आता जमलं गो तुला! कडू नाय लागत."

मी म्हटलं, पुडीचं प्रमाण बदललं.

४ मे

दाजींना सारखी तहान लागते. "उन्हाळा हाय," म्हणतात. मीही म्हटलं, उन्हाळाच.

गेटवर तर रोज बाटल्या लागतात, आणि नवी चव घेतल्यावर पेणची मागणीही पुन्हा आली. या खेपेला साखर नकोच, असं ठरवलं होतं. घातली.

१७ मे

दाजींच्या अंगठ्याला ठेच लागली होती, ती जखम चिघळली. डॉक्टर भडकले. "साखर एवढी वाढली कशी? काय खाता? असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल."

घरी आल्यावर आदेश त्यांच्या अंगावर धावून गेला. "कोण देतं तुम्हाला पेढे? गेटवर जाता ते खायलाच ना?"

दाजी गळ्याची शपथ घेत होते. मग माझ्याकडे वळले. "तू सांग गो याला. तुझ्या कोकमाशिवाय मी गोड काय घेतो?"

मी आमटी ढवळत राहिले.

१८ मे

आदेशने त्यांची पिशवी उपडी केली. उशी उचलून बघितली. कपाटही. दाजी दारात उभे राहून बघत होते, आणि मी त्यांना बघत होते.

नंतर त्यांना म्हटलं, "कोकम थोडे दिवस बंद करा. जखमेला आंबट चांगलं नाही." किती सहज सुचलं! लाज वाटते, पण आणखी खोटं बोलायला ती आड येत नाही.

१९ मे

दुपारी दाजी पायरीवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खाल्लं असंल गो मी. आठवत नाय. आदेश उगाच कशाला बोलेल?"

मी त्यांच्याजवळ गेले. तिथेच खाली बसले आणि सांगितलं. सगळं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "कंपनीतला गोरख रोज बाटली नेतो. निडीला, आईसाठी. तिला पण शुगर हाय." आणि मग, "रिक्षा बोलव."

गेटवर पट्टी बांधलेल्या पायाने उभे राहिले. शिफ्ट सुटली. सगळ्यांना थांबवून म्हणाले, "या कोकमात साखर हाय. मी न बघता विकलं. माझं चुकलं. घरी असतील त्या बाटल्या ओतून टाका."

मी त्यांच्या पुढे येऊन उभी राहिले. म्हटलं, "दाजींना काही ठाऊक नव्हतं. साखर मी घातली."

गोरखने शिवीसुद्धा दिली नाही. "आईला चक्कर येत व्हती," एवढं बोलून गाडीला किक मारली.

घरी आल्यावर आदेशने ऐकलं आणि बापाचे पाय धरले. माझ्याशी बोलत नाही.

२ जून

अंगठा वाचला! जखम सुकली. गोरखची आईही आता बरी आहे – मी निडीला जाऊन आले. तिने पाणी दिलं, माझ्याने पिववेना. पेणच्या बाटल्या परत आणून मोरीत ओतल्या. खरं काय ते दुकानदारालाही सांगितलं. आता तो माल घेणार नाही.

दाजी आज माझ्याशी हसून बोलले. "झालं गेलं सोड गो," म्हणाले. मी मोरीवर जाऊन रडले. वाटलं, सुटले.

३ जून

सकाळी दाजींना बिनसाखरेचा चहा दिला. कप हातात धरून बसून राहिले. मग हळूच हाक मारली, "आदेश, जरा चाखून बघ रे."